मी, माझी विधवा आणि गोशाळा

उत्तर न दिलेलं एक पत्र चार महिने माझ्या जाडजूड शब्दकोशात पडून होतं. 'विधवा' या शब्दाच्या पानावर. योगायोगानं नव्हे, मीच तिथं ठेवलं होतं!

एरवी मी पत्रोत्तराच्या बाबतीत फार काटेकोर. दिवाळीच्या शुभेच्छांनासुद्धा उलटटपाली उत्तर देणारा माणूस! आणि अर्ज म्हणाल, तर उमेद फौजेत गेलेली. रजेचा अर्ज, बुटांचा अर्ज, अर्जाचे कागद संपल्याचा अर्ज! त्यामुळे घरपट्टीच्या सवलतीचा फॉर्म घरी आणला, तेव्हा मी बायकोला छाती काढून सांगितलं, "पद्मिनी, दहा मिनिटांचं काम आहे!"

सवलत होती दिव्यांग माजी सैनिकांसाठी. माझा उजवा पाय घोट्याच्या थोडा वरच संपतो. त्यापुढचा कारखान्यातला आहे. तरी इथं उत्तरेत, मनीमाजऱ्यात घर घेतल्यापासून सवलत मागायला मी एकोणीस वर्षं लावली. कारण माझा पाय काही लढाईत गेलेला नाही. मी पलटणीतला शिक्षण-हवालदार. पुढच्या चौकीवरच्या जवानांसाठी पुस्तकांची पेटी घेऊन निघालो होतो, आणि वाटेत कुठलासा जुना सुरुंग पायाखाली आला. पुस्तकं वाचली, पाय गेला! असल्या माणसानं सवलत मागायची? खरे लढलेले काय म्हणतील?

"सुरुंगानं पेटी उघडून बघितली होती का, आत पुस्तकं आहेत की बंदुका?" पद्मिनी म्हणाली. "भरा तो फॉर्म!"

माझा चष्मा दुरुस्तीला गेला होता, म्हणून तिनंच वाचून दाखवला. फॉर्म हिंदीत. पद्मिनी साताऱ्याची, पंचवीस वर्षं इथं राहूनही तिची हिंदी साताऱ्याचीच आहे.

"'जो लागू हो, उसके सामने सही का निशान लगाएँ.' सही करा म्हणतायत."

"कुठं?"

"खाली चार ओळी आहेत. चारींसमोर चौकटी आहेत."

फौजेत रिकामी चौकट म्हणजे गुन्हा! मी चारही चौकटींत माझी वळणदार सही ठोकली. ओळी वाचायच्या राहिल्या, पण सह्या मात्र बघत राहाव्यात अशा आल्या!

फॉर्म द्यायला पालिकेच्या दफ्तरात गेलो, तर दारातल्या शिपायानं विचारलं, "क्या काम है?" मी घाबरलो की माझी हिंदी मराठीत शिरते. "जी, घरपट्टी... घरपट्टी का काम है."

त्यानं माझ्या पायाकडे पाहिलं. "पट्टी डिस्पेंसरी में होगी, बाबा जी. पिछले गेट से!"

'नाही' म्हणायला जो आवाज लागतो, तो माझ्याकडे नाही. मी मुकाट्यानं दवाखान्यात गेलो. रांगेतही बसलो!

"कित्थे लग्गी?" नर्सनं विचारलं.

"पाय को."

"कब?"

"सत्त्याऐंशी... सतासी में."

तिनं हातातली कात्री खाली ठेवली. त्या भल्या बाईनंच शेवटी मला धरून योग्य खिडकीशी नेलं.

महिन्याभरानं ते पत्र आलं. 'श्रीमती हेरंब आगटे, आपल्या अर्जानुसार आपण दिव्यांग माजी सैनिक, शहीद सैनिकाची विधवा, धर्मशाळा तसेच गोशाळा आहात. कृपया नेमके काय ते लेखी कळवावे.'

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. हिंदीत 'सही' म्हणजे बरोबर! 'सही का निशान' म्हणजे बरोबरची खूण, आणि तीही एकाच चौकटीत! ज्या माणसानं शेकडो जवानांना हिंदी शिकवली, तो मी!

उत्तर लिहायला बसलो. 'महोदय, मी गोशाळा नाही.' अशी सुरुवात केल्यावर माणूस पुढे काय लिहिणार? विधवा नाही, धर्मशाळा नाही, इथवर पेन चाललं. पण 'मी दिव्यांग माजी सैनिक आहे' या वाक्याशी येऊन अडलं. ते वाक्य मी जन्मात कधी लिहिलं नव्हतं. पत्र शब्दकोशात गेलं. पद्मिनीला अवाक्षर सांगितलं नाही.

गेल्या मंगळवारी सकाळी मी दूध घेऊन परतत होतो. जिन्यातच बोलणं कानावर आलं. त्या दफ्तरातून गुरमीत कौर नावाच्या बाई चौकशीला आल्या होत्या.

"माता जी," त्या अगदी हळुवार आवाजात विचारत होत्या, "आपके हस्बैंड कब गुज़रे?"

"अभी तो गुजरे!" पद्मिनी म्हणाली. "दस मिनट हुआ. इधर से ही गुजरे!"

"हाय रब्बा! दस मिनट? घर में और कोई है आपके साथ?"

"कोई नहीं. कोई क्यूँ लगता है? वो तो रोज इसी टाइम गुजरते हैं!"



"रोज़?"

"हाँ जी. दूध के लिए."

नेमका तेव्हाच मी दारात उभा राहिलो. बाई खुर्चीतून ताडकन उठल्या, आणि माझ्याकडे, मग पद्मिनीच्या मंगळसूत्राकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहू लागल्या. मी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला इतकं घाबरवलं!

चहा झाला, 'सही'चा खुलासा झाला. बाई ओढणीनं डोळे पुसत हसत होत्या. "और गोशाला?" असं म्हणून त्यांनी मी आणलेल्या दुधाच्या पिशवीकडे पाहिलं, आणि पुन्हा सुरू! जाताना मात्र गंभीर झाल्या. "अंकल जी, मेरे कहने से नहीं होगा. जवाब आपके हाथ का चाहिए. शुक्रवार को फाइल बंद हो जाएगी. बस एक लाइन लिख दो, कि आप कौन हो."

दार लागलं आणि पद्मिनी वळली. "चार महिने मी विधवा होते, आणि मलाच पत्ता नाही? काढा ते पत्र!"

मी लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात मी 'काही अंशी दिव्यांग' होतो. पद्मिनीनं 'काही अंशी' खोडलं. दुसऱ्यात 'प्रत्यक्ष लढाईत नसलो तरी' असं होतं. तिनं तेही खोडलं.

"अगं, पण ते खरं आहे!"

"त्यांनी विचारलंय का? तुम्ही कोण, एवढंच विचारलंय. पाय आहे का परत आलेला?"

"नाही."

"मग?"

मी लिहिलं: 'मैं दिव्यांग पूर्व सैनिक हूँ.' मोठ्यानं वाचून पाहिलं. कुणी हसलं नाही. कुणी हरकत घेतली नाही. पद्मिनीनं फक्त कागद सरळ केला आणि म्हणाली, "अक्षर छान आलंय हो." मी ते वाक्य आणखी एकदा वाचलं. तेवढंच, उगाच.

बुधवारी मी पाकीट घेऊन स्वतः द्यायला निघालो. ताठ चालत दफ्तरापर्यंत पोचलो. दारात तीस-चाळीस माणसं उभी होती, आणि सगळी मोठमोठ्यानं बोलत होती. मी तसाच वळलो, रस्ता ओलांडला आणि समोरच्या पोस्टात शिरलो.

खिडकीतल्या कारकुनानं पत्ता वाचला. "अंकल जी, ये दफ़्तर तो बिल्कुल सामने है. सड़क पार करो, दे आओ!"

"जी, पता है," मी म्हणालो. "स्पीड पोस्ट कर दीजिए."

त्यानं मान बाहेर काढून रस्त्यापलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पाकिटावर शिक्का मारला. पावती घेताना मी हळूच विचारलं, "शुक्रवार तक पहुँच जाएगा ना?"