सरोजअक्कांचं रविवारचं एक्स्चेंज

सरोजअक्का अडकलेलं अपडेट कानाला लावून ऐकतात.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी हादरलो होतो. बंगळूरच्या बसवनगुडीतल्या त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. माझ्या फोनमधल्या बँकेच्या ॲपचं अपडेट चार दिवस 'प्रलंबित' या एका शब्दावर मांडी ठोकून बसलं होतं. जिन्यात भेटल्या म्हणून मी सहज तक्रार केली, तर चौऱ्याहत्तर वर्षांच्या या बाईंनी फोन माझ्या हातातून काढून घेतला, पदराने पुसला, उजव्या कानाला लावला आणि डोळे मिटले.

"आत रांग लागलीय," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "नऊ जण एकदम बोलतायत. मग एकालाही लाईन कशी मिळणार?"

मी मूळचा पुण्याचा; इथे पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पंपांच्या कारखान्यात माहितीपुस्तिका लिहितो. चालू पंपाला कान लावणाऱ्यांसाठी मी पान तीनवर चौकटीत इशारा छापलेला आहे. त्यामुळे या प्रकाराबद्दल माझं मत तिथल्या तिथे तयार झालं. पण अक्कांनी डोळे उघडले, नऊच्या नऊ अपडेटं थांबवली, गॅलरीतले माझे जुने व्हिडिओ मला विचारून पुसले, फोन एकदा बंद करून चालू केला आणि एकट्या बँकेच्या ॲपला पुढे सोडलं. पडदा विझू न देता त्या फोन हातात धरून बसल्या. चार मिनिटांत काम झालं. त्यांनी फोन कानाला लावला याच्यापेक्षा तो दुरुस्त झाला, याचा धक्का मला मोठा बसला.

खुलासा नंतर झाला. अक्का एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात ट्रंक बोर्डावर होत्या. तेव्हा परगावी बोलायचं तर कॉल नोंदवून वाट बघत बसावं लागे. ऑर्डिनरी नोंदवला तर अख्खी दुपार जायची, अर्जंट त्याच्या आधी लागायचा आणि लाइटनिंग सगळ्यांच्या डोक्यावरून. मधे बसलेली ऑपरेटर दोन टोकं हाताने जोडून द्यायची. अक्कांच्या मते स्मार्टफोनमध्ये नवीन असं काहीच नाही. अपडेट म्हणजे नोंदवलेला कॉल. 'प्रलंबित' म्हणजे ऑपरेटर जेवायला गेलीय.

दर रविवारी दहा ते एक त्यांच्या पडवीत हे एक्स्चेंज चालायचं. भिंतीला सात खुर्च्या. आल्याबरोबर चिठ्ठी: नाव, ॲप, आल्याची वेळ आणि वर्ग. चिठ्ठी कपड्यांच्या चिमट्याने दोरीला लागायची. मग कॉफी, कोडबळी आणि वाट बघणं. कुणी घाई केली की, "स्वल्प लाईन धरा." कुणी गुडघ्याचं ऑपरेशन पहिल्या टाक्यापासून सांगू लागलं की, ट्रंक कॉलची वेळ संपल्यासारखं, "थ्री मिनिट्स ओव्हर." हे त्या अशा कोरड्या सरकारी आवाजात म्हणायच्या की बोलणारा अर्ध्या वाक्यात थांबायचा.

त्यांचा नियम एकच होता. लाईनवर ऐकलेलं लाईनवरच ठेवायचं. एकतीस वर्षांत निम्म्या गावाची लग्नं जुळताना आणि मोडताना त्यांनी हेडफोनवर ऐकली होती. त्यातलं काही बाहेर येतं का, म्हणून मी एकदा वेंकोबरावांच्या लग्नाचा विषय काढून पाहिला. अक्कांनी "सरी", म्हणजे ठीक, एवढंच म्हणून कोडबळ्यांची बशी माझ्यापुढे सरकवली. तेवढ्यावर मुलाखत संपली.

वेंकोबराव समोरच्या घरात राहतात. बँकेचे निवृत्त सरव्यवस्थापक, गल्लीच्या रहिवासी संघाचे अध्यक्ष, आणि या दोन्ही गोष्टी समोरच्याला माहीत नसतील अशी धास्ती सतत बाळगणारे. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून इकडे आले. राव अजून पुरते उतरलेले नाहीत. दर रविवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून पडवीत येत आणि उभ्याउभ्याच सांगत, "अक्का, लाइटनिंग लिवा."

"लाइटनिंग मरणाला नाहीतर मंत्र्याला," अक्का न बघता म्हणत. "तुमचं काय अडकलंय?"

"हवामानाचं ॲप."

"ऑर्डिनरी. बसा."

आणि माजी सरव्यवस्थापक सातव्या खुर्चीवर बसत.

तीन-चार महिने मी हे सगळं गमतीने बघत होतो. मग एक गोष्ट मला टोचू लागली. रविवारी सुरळीत केलेला फोन बुधवारपर्यंत पुन्हा अडकायचा. माझाच नाही, सगळ्यांचा. म्हणून तीच सात माणसं पुढच्या रविवारी पुन्हा हजर. जो पंप दर आठवड्याला दुरुस्त करावा लागतो, त्याच्या दुरुस्तीवाल्याचा मी पहिला संशय घेतो. मी सेटिंग्ज उघडली. आपण ॲप उघडून समोर बसलेलो नसताना त्याने मागच्या मागे इंटरनेट वापरावं की नाही, हे ठरवणारं एक बटण असतं. ॲप उतरवून घेण्याच्या ॲपचं ते बटण माझ्या फोनवर बंद होतं. म्हणजे पडदा चालू ठेवून समोर बसलं तर अपडेट पळणार, आणि पाठ वळली की थांबणार.

मी ते चालू केलं. पुढच्या रविवारी अक्कांकडून फोन परत घेतला आणि जिन्यातच पाहिलं. बटण बंद.

मी पायरीवर बसलो. फोन परत देण्याआधी अक्का तो पदराने पुसायच्या. त्या पुसण्यात त्यांचा अंगठा काय करत होता, ते मला आता दिसलं. ढोंगाचा वास मला लांबून येतो अशी माझी समजूत होती. इथे मी चार महिने कोडबळी खात बसलो होतो.

जाब विचारायचा असं ठरवून मी गुरुवारी लवकर घरी आलो. पडवीत अक्का एकट्याच होत्या. रविवारला तीन दिवस होते, पण सातही खुर्च्या मांडून झाल्या होत्या. त्या एकेक खुर्ची फडक्याने पुसत होत्या. पुसून झाल्यावर त्यांनी सातवी स्वल्प भिंतीपासून पुढे ओढली. वेंकोबरावांचं डोकं भिंतीला लागतं.

"काही हवंय, जोशी?"

"नाही," मी म्हणालो आणि वर गेलो.

तीन रविवार मी गप्प राहिलो. चौथ्याला वेंकोबराव आले ते छातीशी फोन धरून. त्या दिवशी त्यांनी लाइटनिंग मागितलं नाही.

"माझी सून कोरमंगलाहून आलीय," त्यांनी संघाच्या सभेला सांगावं तसं सगळ्यांना सांगितलं. "कंप्युटर इंजिनियर आहे. तिनं दोन मिनिटांत शोधलं. फोनमधे काही बिघाड नाही. कुणीतरी हातानं बटण बंद करतंय. मी घरोघरी जाऊन आणखी तिघांचे फोन मागून तपासले. सगळ्यांचं बंद." मग ते वळले. "आणि सगळ्यांचे फोन एकाच हातात येतात. अक्का, तुम्हीच सांगा."

पडवीत कोडबळं चावल्याचा आवाज येत होता, तोही थांबला. अक्कांच्या कानाला कुणाचा तरी फोन होता. तो त्यांनी खाली घेतला नाही. डोळे मिटलेले. आणखी एक वाक्य, आणि या सात खुर्च्यांवर पुन्हा कुणी बसणार नव्हतं, हे मला कळत होतं. त्यांनाही कळत असावं.

"मी केलं," कुणीतरी म्हणालं.

तो आवाज माझा होता, हे कळायला मला इतरांइतकाच वेळ लागला.

"तुम्ही?" वेंकोबराव.

"बॅटरी वाचते. तुम्ही सगळे कॉफी घ्यायला आत जाता, तेव्हा फोन त्या टेबलावर असतात."

"आम्हाला विचारायचं नाही?"

"मी माहितीपुस्तिका लिहितो, राव. त्या कुणी वाचत नाही. विचारून काही करायची सवय राहिली नाही."

कुणीतरी हसलं. वेंकोबराव हसले नाहीत. विश्वास, शिस्त, पुण्याकडून येणारी माणसं आणि बँकेत असे लोक त्यांनी कसे सरळ केले, या चार विषयांवर ते दहा मिनिटं बोलले. मी मान खाली घालून ऐकलं. अक्का एकदाही "थ्री मिनिट्स ओव्हर" म्हणाल्या नाहीत, हे मात्र मला जरा लागलं.

ते दम घ्यायला थांबले तेव्हा अक्कांनी फोन खाली ठेवला, चिठ्ठी ओढली आणि लिहून दोरीला लावली. वेंकोबरावांनी चष्मा वर करून वाचली. त्यांच्या नावापुढे 'लाइटनिंग' लिहिलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग कुठे ठेवावा ते त्यांना कळेना.

एक वाजता सगळे गेले. मी कपबशा गोळा करू लागलो.

"कधीपासून माहीत होतं?" अक्कांनी विचारलं.

"महिना होत आला."

त्या दोरीवरच्या चिठ्ठ्या काढत होत्या. "सरळ डायल, एसटीडी आलं ना, त्या वर्षी मी दोन आठवडे रजेवर होते," त्या म्हणाल्या. "परत आले तर हॉलमधल्या खुर्च्या नेलेल्या. माझी पण. सगळं आपोआप लागत होतं. मी दुपारपर्यंत उभीच होते. कुठं जायचं ते कुणी सांगितलं नव्हतं."

मी बशी पुसली.

"पुढच्या खेपेला सगळ्यांची बटणं चालू करून देते," त्या म्हणाल्या. "सरी?"

"सरी," मी म्हणालो.

आणि त्यांनी दिली. पुढच्या रविवारी सातही फोन त्यांनी सगळ्यांदेखत, बोट दाखवून, नीट लावून दिले. वेंकोबरावांनी माझ्याकडे लक्ष ठेवलं होतं. त्यानंतर सगळ्यांची अपडेटं आपोआप, मागच्या मागे, कुणालाही न विचारता होऊ लागली. त्याच्या पुढच्या रविवारी पडवीत दोघंच आले. तिसऱ्या रविवारी दहा वाजता मी वरून कान देऊन होतो. फाटक वाजलं नाही. साडेदहापर्यंत नाही. खालून कॉफीचा वास मात्र येत होता.

मी फोन उघडला. सेटिंग्जमध्ये गेलो, ते बटण बंद केलं आणि जिना उतरलो.

पडवीत सात खुर्च्या होत्या आणि सातव्या खुर्चीवर वेंकोबराव होते. मागच्या फाटकाने आले असावेत. इस्त्रीचा शर्ट, हातात कप. अक्का त्यांचा फोन कानाला लावून बसल्या होत्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"माहीत नाही," वेंकोबराव छताकडे बघत म्हणाले. "परत अडकतंय."

अक्कांनी डोळे उघडले. फोनच्या पडद्यावर अंगठा फिरवला आणि थांबल्या. ते बंद बटण त्यांना दिसलं, हे मला दिसलं. या खेपेला तिथे त्यांचा अंगठा गेला नव्हता. त्यांनी रावांकडे पाहिलं. राव अजून छतच बघत होते. लाईनवर ऐकलेलं लाईनवरच ठेवून अक्कांनी चिठ्ठी पुढे ओढली आणि पेन उघडलं.

"लाइटनिंग?"

वेंकोबरावांनी कोडबळ्याचा तुकडा मोडला.

"छे," ते म्हणाले. "ऑर्डिनरी लिवा."