वानखेड्यांचं वाडगं

वानखेडे तिबेटी वस्तूंच्या दुकानात शिरले की आधी कोट काढतात, शर्टाचं वरचं बटण उघडतात आणि काशाचं वाडगं छातीला लावून लाकडी दांडीनं वाजवतात. एकदा एका डच बाईनं घाबरून खुर्ची आणि पाणी आणलं. तिला वाटलं, यांच्या छातीत दुखतंय.

हे मूळचे नागपूरचे, इथे नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला माझे शेजारी आणि ऑफिसातले सहकारी. चिप बनवणाऱ्या मशीनमधली बारीकशी थरथरसुद्धा घालवायची, हे त्यांचं काम. आठवडाभर थरथर घालवायची आणि शनिवारी तीच शोधत गावोगाव हिंडायचं! लायडनचा अख्खा बाजार पालथा घातला, पण पसंत काही पडेना.

"नाही पोचत," ते म्हणायचे.

"अहो, आवाज किती गोड आहे!"

"आवाज कोणाला पाहिजे बाप्पा?"

परवा मला मास्ट्रिख्टला नेलं. भर पावसात, छत्री न घेता. दुकानदार ताशीजी कर्नाटकातल्या तिबेटी वसाहतीत वाढलेले, त्यामुळे हिंदी फर्डं. वानखेड्यांनी फळीवरचं एकेक वाडगं छातीला लावून परत ठेवलं. मी कंटाळून म्हटलं, "वहिनींसाठी शाल घ्या आणि चला."

"शालीचं काय करू? रिकाम्या हातानं मी जात नाही आज."

ताशीजी शांतपणे बघत होते. "किसके लिए चाहिए, भाईसाहब?"

वानखेडे जरा अडखळले. "मिसेस के लिए. उसको अब सुनाई नहीं देता. रोज शाम को हम साथ में वंदना बोलते थे. अब बोलते-बोलते मैं कहीं, वो कहीं. उसने बोलना ही छोड दिया. हाथ को थरथर लगेगी, तो साथ में बोल पाएगी."

सुनंदावहिनींना ऐकू येईनासं झालंय, हे मला ठाऊक होतं. बाकीचं वानखेड्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

ताशीजी आत गेले. त्यांच्या स्वतःच्या घरातलं, काळपट, जाड वाडगं घेऊन आले, त्यातली सुकी जर्दाळू कागदावर ओतली आणि वानखेड्यांच्या छातीला लावून एक ठोका दिला.

"दात वाजले माझे!" वानखेडे ओरडले. "हेच द्या!"

घरी पोचल्यावर त्यांनी मलाही आत ओढलं. वहिनींच्या दोन्ही तळव्यांवर वाडगं ठेवलं आणि हलकेच ठोका दिला. वहिनींनी दचकून त्यांच्याकडे पाहिलं. वानखेड्यांनी हात जोडून दाखवले, आणि दुसरा ठोका दिला.

"बुद्धं सरणं गच्छामि," वहिनी पुटपुटल्या.

पुढच्या ठोक्याला आवाज चढला. त्यांना स्वतःचा आवाज कळत नव्हता, त्यामुळे सगळं घर भरून गेलं. मग वहिनी ठोक्याची वाट बघेनात, डोळे मिटून पुढे निघाल्या. वानखेड्यांची दांडी हवेतच राहिली.

"अगं, थांब, मी येतो," ते म्हणाले, आणि शब्द गाळत वहिनींना गाठायला निघाले.