तेविसावं कलम

समितीच्या बैठकीला तासभर उरला असताना मंत्रालयातल्या लेखनिकाच्या लक्षात आलं, की करारात तेविसावं कलमच नाही.

बाविसावं कलम नदीवरच्या पुलांचं होतं, चोविसावं फळांच्या तपासणीचं. मधे काही नव्हतं. दोन पानं एकमेकांना चिकटली असतील म्हणून त्यानं बोटाला थुंकी लावून पान चोळून पाहिलं. पान एकच होतं. मग पहिल्यापासून बोट ठेवत त्यानं सगळी कलमं मोजली. भरली एकोणचाळीस, आणि शेवटच्या कलमावर आकडा होता चाळीस. पुन्हा मोजली तरी तेवढीच.

दोन प्रदेशांमधला हा व्यापार आणि विकास करार चार वर्षांपूर्वी झाला होता आणि त्याची शेवटची प्रत याच लेखनिकानं, याच टेबलावर बसून टाइप केली होती. बावीस संपवून तो जेवायला गेला असणार आणि परत येऊन पुढच्या कलमाला थेट चोवीस आकडा दिला असणार. त्या प्रतीवर दोन्हीकडच्या मंत्र्यांनी सह्या केल्या, हात मिळवले, फोटो काढले. बाविसानंतर तेवीस येतात हे बालवाडीतल्या पोरालाही सांगता आलं असतं, पण सह्या करणाऱ्यांत बालवाडीतलं कोणी नव्हतं.

एवढ्यावर निभावलं असतं. पण करारावर संसदेच्या समितीची देखरेख होती आणि मंत्रालय दर तीन महिन्यांनी समितीला प्रगतीचा तक्ता पाठवत असे. तक्त्यात एक ते चाळीस आकडे छापलेलेच होते. तेविसासमोर पहिल्या वर्षी लिहिलं होतं, ‘काम हाती घेतले आहे.’ दुसऱ्या वर्षी, ‘प्रगती समाधानकारक.’ आणि आजच्या तक्त्यात, ‘सत्तर टक्के पूर्ण.’

लेखनिकाच्या तोंडचं पाणी पळालं. जिन्याच्या कोपऱ्यात जाऊन त्यानं बायकोला फोन लावला. ती औषधांच्या दुकानात काम करायची.

“अगं, एक कलम नाहीये.”

“कुठलं मलम?”

“कलम. करारातलं. टाइप करताना माझ्या हातून एक आकडा सुटला.”

“कोणाच्या लक्षात आलंय का?”

“अजून नाही.”

“मग हात दाखवून अवलक्षण करू नका. चार वर्षं गेली, आजचा दिवसही जाईल.”

“नोकरी गेली तर सरकारी घरही जाईल गं.”

“ते मला कशाला सांगता? माझ्यापुढे गिऱ्हाईक उभं आहे. पाणी प्या नि बसा गप्प.”

लेखनिक पाणी प्यायला आणि बसला गप्प. पण समितीच्या नव्या अध्यक्षा बत्तीस वर्षं शाळेत शिकवून राजकारणात आल्या होत्या. माघारी सगळे त्यांना हेडबाई म्हणत. आधीचे अध्यक्ष तक्त्याचं पहिलं पान बघून शेवटच्या पानावर सही करत. हेडबाईंनी चष्मा लावला आणि म्हणाल्या, “एकेक कलम घेऊ या. घाई कोणाला आहे?”

घाई कोणालाच नव्हती. टिपणं घेत बसलेल्या लेखनिकाला तर मुळीच नव्हती. मंत्रालयाचे सचिव बाविसाव्या कलमावर बोलायला लागले आणि पुलांच्या खांबांवर वीस मिनिटं बोलले. आयुष्यात पहिल्यांदाच लेखनिकाला सचिवांबद्दल माया वाटली. पण खांब संपले.

“तेवीस,” हेडबाई म्हणाल्या.

“सत्तर टक्के पूर्ण,” सचिवांनी तक्त्यातून वाचलं. “उरलेलं लवकरच होईल.”

पलीकडच्या प्रदेशाचे प्रतिनिधी समोरच बसले होते. त्यांनी घसा खाकरला. “आमच्या बाजूचं तेविसावं कलम गेल्या वर्षीच पूर्ण झालंय. अडलंय ते यांच्यामुळे.”

सचिव ताठ झाले. “अडलंय ते तुमच्या परवानग्यांमुळे. आमची माणसं तिथं हात चोळत बसलीत.”

“कुठं बसलीत?”

“जागेवर.”

“जागा आम्ही केव्हाच दिली.”

“दिली, पण कशी दिली ते बोला ना.”

नसलेल्या कलमाची जागा, माणसं, परवानग्या सगळं लेखनिकाच्या डोळ्यांदेखत उभं राहत होतं. प्रतिनिधींचा चेहरा लाल झाला. त्यांनी खिशातून फोन काढला.

“तेवीस पाळायचं नसेल तर आम्हीही चोवीस पाळत नाही. सीमेवर फळांचे तीनशे ट्रक आहेत. ते आहेत तिथंच थांबतील.”

“थांबवा,” सचिव म्हणाले. “कोण कोणापुढे वाकतं ते बघू.”

प्रतिनिधींनी फोन कानाला लावला. लेखनिकाला ट्रकची रांग दिसली, उन्हात नासणारी फळं दिसली, स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलेले ड्रायव्हर दिसले, आणि त्या सगळ्यांच्या शेवटी स्वतःचं सरकारी घर रिकामं होताना दिसलं. एका भीतीनं त्याला खुर्चीत दाबून धरलं होतं, दुसरी ढकलत होती. दुसरी जरा जास्त जोरात निघाली. तो उभा राहिला आणि नकळत त्याची करंगळी वर झाली.

“काय हवंय?” हेडबाईंनी विचारलं.

“बाई, तेवीस नाहीये.”

“नाहीये म्हणजे?”

“लिहिलेलंच नाही. माझ्याकडून टाइप करताना आकडा सुटला. त्या आकड्याचं कलम करारात कधीच नव्हतं.”

प्रतिनिधींनी कानावरचा फोन हळूच खाली घेतला. सचिवांनी तक्ता उलटा करून ठेवला. कोणी कोणाकडे बघेना.

हेडबाईंनी चष्मा काढून पुसला. “मी परवाच करार वाचला. म्हटलं, वर्गात कोण खरं बोलतंय ते तरी कळू दे.” मग त्या लेखनिकाकडे वळल्या. “बसा. तुमची चूक एका आकड्याची. ती दुरुस्त करा. पण जे कलम नाही ते सत्तर टक्के झालं असेल, तर जी आहेत त्यांचं काय झालंय ते मला बघायला हवं. सोमवारपासून ती तुम्ही स्वतः जाऊन बघायची. सगळी. समितीची गाडी घ्या.”

लेखनिक बसला. नोकरी राहिली हे त्याला बैठक संपल्यावर, फाइली गोळा करताना समजलं.

बाहेरच्या व्हरांड्यात सचिवांनी त्याला गाठलं. वीस वर्षांत त्यांनी त्याच्याकडे कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. आज त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“आधी कुठलं बघणार?”

“अकरावं. सीमेवरचं शीतगृह. शंभर टक्के पूर्ण लिहिलंय.”

“हो, हो. पूर्ण आहे.” सचिवांनी इकडेतिकडे बघितलं. “सोमवारीच जाणार?”

“बाईंनी सांगितलंय.”

“तिकडचा रस्ता फार खराब आहे हो.”

“गाडी दिलीय.”

“तसं नाही.” सकाळपासून पहिल्यांदाच घाबरलेला माणूस लेखनिक नव्हता. “पावसाळ्यानंतर गेलात तर बरं होईल. सोमवारी ते... सापडायला अवघड जाईल.”

लेखनिकानं फाइल काखेत घेतली. सचिवांच्या दारात उभं राहून वीस वर्षं ऐकलेलं उत्तर त्याच्या तोंडून सहज निघालं.

“बघू,” तो म्हणाला.