पेर्सिदाआत्याचे टोपण

"अरे, एकदा उतरून कुणाला तरी विचार," बिसेर्का तिसऱ्यांदा म्हणाली.

"कशाला? फोन सांगतोय ना!" तिहोमिर म्हणाला.

फोन सांगत होता हे खरे. पण गेल्या अर्ध्या तासात त्याने त्यांना एका मक्याच्या शेतात, एका बंद पडलेल्या वीटभट्टीत आणि एकदा तर चक्क कुणाच्या तरी अंगणात नेऊन उभे केले होते. त्या अंगणातल्या माणसाने रस्ता सांगायच्या आधीच कुत्रा सोडला. तेव्हापासून तिहोमिरने काचा वर करून घेतल्या होत्या आणि ऑगस्टच्या उन्हात दोघे नवराबायको गाडीत भाजून निघत होते.

बिसेर्काच्या मांडीवर एक तांब्याचे टोपण होते. डिकी कॉफीच्या पुड्यांनी, चॉकलेटांनी आणि नातेवाइकांनी सांगितलेल्या साबणांनी भरलेली, त्यामुळे उपड्या घमेल्याएवढे ते धूड ऑस्ट्रियातल्या लिंझपासून इथपर्यंत तिच्याच मांडीवर बसून आले होते. ते दारूच्या भट्टीचे टोपण होते. तिहोमिरचे आजोबा वारले तेव्हा त्यांची भट्टी कुणाची, यावरून त्याचा बाप रादोसाव आणि आत्या पेर्सिदा यांच्यात जुंपली. दोघेही हटेनात. शेवटी एका सकाळी रादोसावने भट्टीचे नुसते टोपण काखोटीला मारले, बायकोला आणि नऊ वर्षांच्या तिहोमिरला गाडीत बसवले आणि थेट ऑस्ट्रिया गाठला. टोपणाशिवाय भट्टी लागत नाही आणि भट्टीशिवाय टोपणाचा उपयोग नाही. सदतीस वर्षे आत्याकडचे दारूचे आलुबुखार डुकरांनी खाल्ले आणि टोपण लिंझच्या स्वयंपाकघरात खिळ्याला लटकले. दुसरे टोपण विकत घेता आले असते, पण मग भांडण संपले असते.

बाप हिवाळ्यात गेला. जूनमध्ये आत्याचा फोन आला. फोन कसला, आरोळीच ती. "मला ऐंशी पुरी होतायत! बाप गेला तुझा, आता तू तरी ये! आणि येताना टोपण आण!"

"हे बघ, आली यावोरित्सा!" गावाची पाटी दिसताच तिहोमिर ओरडला. "सांगत नव्हतो?"

"ओळखीचं वाटतंय का काही?"

तिहोमिरने आजूबाजूला पाहिले. चर्च, दुकान, बसथांब्यावर झोपलेला एक म्हातारा. "वाटतंय तर!" तो म्हणाला. त्याला काहीही वाटत नव्हते. पण स्वतःचे जन्मगाव ओळखता येत नाही, हे बायकोपुढे कबूल करणारा माणूस सर्बियात अजून जन्मायचा आहे.

आता घर कुठले, हा प्रश्न होता. तोही सुटला. एका फाटकाशी उभ्या असलेल्या बाईने ऑस्ट्रियाच्या नंबराची गाडी पाहिली आणि किंकाळी फोडली, "अहो, आला! बाळ्या आला!"

क्षणात अंगण भरले. अक्रोडाखाली टेबल मांडलेलेच होते. सगळ्यांनी तिहोमिरच्या गालांचे तीन-तीन मुके घेतले. एका पांढऱ्या मिशांच्या, जाड चष्म्याच्या म्हाताऱ्याने त्याला छातीशी आवळून विचारले, "ओळखलंस का रे मला?"

"म्हणजे काय! तुम्हाला नाही ओळखणार?" तिहोमिर म्हणाला.

"बघा! वीस वर्षांनी आला, पण झिवादिनकाकाला विसरला नाही!"

बिसेर्काने त्याच्या कानाशी तोंड नेले. "तुला बाळ्या म्हणायचे?"

"म्हणत असतील लहानपणी. आणि म्हाताऱ्या माणसांना सदतीस काय नि वीस काय!"

मग तो त्या किंकाळीवाल्या बाईकडे वळला आणि गहिवरून म्हणाला, "आत्या!"

"आत्या काय रे मेल्या? काकू म्हण, काकू! परदेशात जाऊन नाती पण विसरलास?" असे म्हणत स्तानियाकाकूने त्याचा कान पिळला. मग तिची नजर बिसेर्कावर पडली. "आणि ही कोण? लग्न केलंस? आम्हाला एका शब्दाने कळवलं नाहीस?"

"एकोणीस वर्षं झाली," बिसेर्का चाचरत म्हणाली.

"एकोणीस वर्षं लपवून ठेवलं!" काकूने कपाळावर हात मारला. पण तिने लगेच बिसेर्काला मिठी मारली आणि तिच्यापुढे भरल्या मिरच्यांची थाळी ठेवली.

आपली चूक मान्य करायची नसली की माणसाला कारणे भराभर सुचतात. तिहोमिरला सुचले, की या भागात आत्याला काकू म्हणत असतील. त्याला हेही सुचले, की बापाने भांडणामुळे लग्नाची बातमी कळवली नसेल. बिसेर्का सारखी त्याला कोपराने ढोसत होती. तो तिला मिरच्या वाढत होता. डुकराचे भाजलेले पिल्लू आले, चीजची गरम गिबानित्सा आली, घरी गाळलेली रकिया आली. रकिया आली तेव्हा मात्र त्याला जरा खटकले. टोपणाशिवाय हिने गाळली कशी? पण तीन पेल्यांनंतर खटकेनासे झाले.

चौथ्या पेल्याला तो उभा राहिला. "ऐंशी वर्षं!" पेला उंच करून तो स्तानियाला म्हणाला. "देव तुला शंभर देवो!"

स्तानियाने हातातली थाळी खाली ठेवली.

"ऐंशी?" स्तानिया म्हणाली. "मला एकाहत्तरावं चालू आहे!"

"बापावर गेलाय, चेष्टेखोर!" झिवादिन हसत सुटला आणि त्याच्यामागे सगळे हसले. स्तानिया मात्र नंतर बराच वेळ ओढणीवजा रुमालाखालचे केस चाचपत होती.

तिहोमिरला वाटले, आता वेळ घालवण्यात अर्थ नाही. त्याने गाडीतून टोपण आणले. ते दोन्ही हातांनी पुढे धरले. बाप मरायच्या आदल्या दिवशी या टोपणाकडेच पाहत होता.

"पेर्सिदाआत्या," तो म्हणाला, "बाबा स्वतः येऊ शकले नाहीत. पण रादोसावच्या मुलाने हे परत आणलंय. त्यांनी नेलं ते चुकलं, असं ते कधी म्हणाले नाहीत. पण सदतीस वर्षं दर शनिवारी ते पुसायचे."

स्तानियाने बोलायला तोंड उघडले. तेवढ्यात टेबलाखाली झिवादिनचा पाय हलला आणि ती "आई गं!" म्हणून कळवळली. आत्याला भरून आले, असे तिहोमिरला वाटले. झिवादिनने टोपण हातात घेतले, बोटाने टणटण वाजवून पाहिले, चष्मा कपाळावर चढवून तिहोमिरकडे बराच वेळ पाहिले, आणि तो म्हणाला, "बरं."

एवढे बोलून तो टोपण घेऊन घरात गेला. वीसेक मिनिटांनी परत आला तेव्हा त्याचा आवाज मधासारखा झाला होता.

"बाळ्या, तिकडे तू काम काय करतोस म्हणालास?"

"लाद्या बसवतो."

"अस्सं!" झिवादिन म्हणाला आणि त्याने बायकोकडे पाहिले. "अगं, ऐकलंस का? लाद्या बसवतो!"

"देवाचीच कृपा," स्तानिया म्हणाली.

दहा मिनिटांत तिहोमिर गुडघ्यांवर पायपुसणी बांधून न्हाणीघरात बसलेला होता. चार लाद्या सुटल्यात, असे झिवादिन म्हणाला होता. प्रत्यक्षात सगळी भिंतच पोकळ वाजत होती. नव्या लाद्या, सिमेंट, थापी, रबरी हातोडा, सगळे कोपऱ्यात तयार होते. झिवादिन दारात स्टूल टाकून बसला आणि मधूनमधून "वा! काय हात आहे!" म्हणत राहिला. कौतुक केले की तिहोमिर दुप्पट वेगाने काम करी. हे त्याच्या लिंझच्या मालकाला अजून कळलेले नव्हते.

साडेचारच्या सुमारास झिवादिन कॉफी सांगायला उठला आणि बिसेर्का आत घुसली. तिच्या हातात एक पत्र होते.

"हे तिकडे कपाटावर होतं. वाच."

"हाताला सिमेंट आहे, तूच वाच."

"प्रिय काका-काकू," ती दबक्या आवाजात वाचू लागली, "यंदा ऑगस्टमध्ये नक्की येतो. एकटाच येतोय, लग्नाचं अजून जमलेलं नाही. वीस वर्षांत टक्कल पडलंय, तेव्हा ओळखा म्हणजे झालं. तुमचा बाळ्या, श्टुटगार्ट."

तिहोमिरने सिमेंटाचा हात आपल्या दाट केसांवरून फिरवला.

"फोनवर मी पाहिलं," बिसेर्का म्हणाली. "यावोरित्सा दोन आहेत. आपली इथून साठ किलोमीटर. चल, ऊठ!"

"तीन ओळी राहिल्यात."

"तिहोमिर! परक्याच्या न्हाणीत आहोत आपण!"

"म्हणून काय अर्धवट सोडू? लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? हे तुला ओळखतसुद्धा नाहीत!"

पण तो शेवटच्या तीन ओळी बसवूनच उठला. सांधेही भरले. मग मात्र त्याला आठवले. टोपण! यांना खरे सांगावे, तर आधी डुकराच्या पिल्लाचे काय ते सांगावे लागणार, मिठ्यांचे सांगावे लागणार, आणि एकाहत्तराच्या बाईला ऐंशीची केले त्याचेही सांगावे लागणार. त्यापेक्षा चोरी सोपी होती. शिवाय टोपण स्वयंपाकघराच्या दाराशी, हाताला येईल अशा खुंटीवर टांगलेले होते. त्याने इकडेतिकडे पाहिले, टोपण पोटावर धरले, त्यावरून वाढदिवसासाठी आणलेला कोट चढवला आणि गळ्यापर्यंत बटणे लावली. बाहेर सावलीतसुद्धा कुत्री जिभा काढून पडली होती.

"निघतो आम्ही," अंगणात येऊन तो म्हणाला. "हिच्या आईला बरं नाही."

बिसेर्काची आई चार वर्षांपूर्वी वारली होती. तिने मान खाली घातली.

निघणे म्हणजे पुन्हा मिठ्या आल्या. पहिल्या शेजाऱ्याचे पट्ट्याचे बक्कल तिहोमिरच्या पोटावर आपटले आणि घंटेसारखा टण्ण आवाज झाला. शेजारी दचकला. दुसरा पुढे येईपर्यंत तिहोमिर वाकडा झाला, त्याने खांदाच पुढे केला. शेवटी झिवादिन आला. त्याने दोन्ही हातांनी कडकडून मिठी मारली, आणि मग तिहोमिरच्या पोटावर बोटाने टणटण वाजवले.

"जेवलास हो चांगला," तो गंभीरपणे म्हणाला. "पोट कसं टणक झालंय!"

गाडी वळण घेईपर्यंत तिहोमिरने कोट काढला नाही.

"आत्याला फोन तरी करू," बिसेर्का म्हणाली.

"काय सांगू? दुसरीकडे जेवत होतो म्हणून?"

ते दुसऱ्या यावोरित्सात पोहोचले तेव्हा सात वाजत होते, पण ऊन अजून डोंगरावर होते. या वेळी तिहोमिरने गाडी थांबवून रस्ता विचारला. एकदा नव्हे, तीनदा, आणि तिसऱ्याला त्याने पेर्सिदाचे आडनावही वदवून घेतले. घराचे फाटक उघडेच होते. अक्रोडाखाली टेबल होते, केक अर्धा संपलेला होता आणि टेबलाच्या टोकाला हातभर उंचीची एक म्हातारी काठी टेकून बसली होती. विहिरीपाशी एक जाडजूड, टकला माणूस पंपाच्या पोटात दोन्ही हात घालून घामाघूम झाला होता.

"आलास?" म्हातारी गरजली. तो फोनवरचाच आवाज होता. "लाद्या झाल्या का त्याच्या?"

तिहोमिर फाटकातच थांबला.

"आत्या, तुला कसं..."

"तू तिथे भाषणात माझं नाव घेतलंस ना! पेर्सिदा, भाऊ रादोसाव, म्हणजे ही दुसरी यावोरित्सा. झिवादिनने दहा मिनिटांत माझा नंबर काढला. म्हणाला, बाई, तुमचा पोरगा माझ्याकडे जेवतोय, माझा तुमच्याकडे आलाय का बघा. बघायचं काय? हा सकाळी अकराला आला आणि मला काकू काकू करत तीन प्लेट खाऊन बसला होता!"

"मग तेव्हाच का नाही सांगितलं मला?"

"मी बोलता बोलता म्हटलं, आमचा लाद्या बसवतो. झिवादिन म्हणाला, न्हाणी करायची राहिलीय. मी विचारलं, तुमचा काय करतो? म्हणाला, पंप दुरुस्त करतो. मी म्हटलं, मग घाई कशाला? आपापली कामं होऊ द्या." आत्याने काठी आपटली. "टोपण मात्र दाराशी टांगा, असं मीच सांगितलं. तू रादोसावचा मुलगा. चोरल्याशिवाय नेणार नाहीस, हे ठाऊक होतं मला."

विहिरीकडून टक्कल वर आले. "तिकडे डुकराचं पिल्लू उरलंय का हो थोडं?" बाळ्याने कळवळून विचारले.

तिहोमिरने टोपण आत्यापुढे ठेवले. पाठ केलेले भाषण एकदा वापरून झाले होते. पुन्हा म्हणायला त्याला लाज वाटली. आत्याने टोपणावरून हात फिरवला, काठावरचा एक जुना पोचा अंगठ्याने चाचपला आणि मग ती उठली. तिने त्याचे मनगट धरले.

"चल आत. तुला काहीतरी दाखवायचंय."

बिसेर्काने डोळे पुसले. तिहोमिरलाही वाटले, आता बापाचे फोटो निघणार, बापाची खोली उघडणार. आत्याने त्याला स्वयंपाकघरात नेले आणि खिडकीचा पडदा सारला. खिडकीपासून मधल्या खांबापर्यंत जमिनीवर जुन्या पिवळ्या लाद्या होत्या, पुसून पुसून गुळगुळीत झालेल्या. खांबापासून पुढे नुसता खडबडीत सिमेंटचा कोबा. कोपऱ्यात त्याच पिवळ्या लाद्यांची खोकी एकावर एक रचलेली.

"तुझा बापच बसवत होता," आत्या म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "इथवर आला आणि भांडण झालं. थापी तिथेच टाकून गेला मेला."

तिहोमिर खाली बसला. त्याने सवयीने एक डोळा मिटून लाद्यांच्या सांध्यावर नजर लावली. शेवटच्या दोन ओळी बोटभर डावीकडे सरकल्या होत्या. लिंझमध्ये मुलाला लाद्या बसवायला शिकवताना केसाएवढी चूक खपवून न घेणारा बाप!

"आत्या, ही ओळ वाकडी आहे. उखडून सरळ करू का?"

"हात लावून तर बघ!" काठी वर उचलून पेर्सिदाआत्या म्हणाली. "तो त्या दिवशी रागात होता, म्हणून वाकडी झालीय. तीच ओळ धर आणि तशीच पुढे ने."

तिहोमिरने बाह्या वर सारल्या आणि पहिले खोके ओढले.