ठेकेदाराची फिल्म

"कुत्र्याची लघवी आणायला अक्कल कसली लागते, मॅडम? बाटली लागते!"

यवतमाळच्या प्रयोगशाळेत संघदीपने आपल्या मार्गदर्शक मॅडमना हे छातीठोकपणे सांगितले. तो सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होता. कुत्र्यांच्या मूत्रमार्गात काही जिवाणू स्वतःभोवती चिकट थर विणून राहतात, रांजणाला आतून बुळबुळीत थर चढतो तसा. औषध वरच्या वर अडते आणि आतली मंडळी सुखरूप! या थराला म्हणतात बायोफिल्म. संघदीपचा प्रकल्प यावरच होता, आणि त्याला पुन्हा पुन्हा आजारी पडणारा एक तरी कुत्रा हवा होता. तो मिळाल्याशिवाय मॅडम प्रकल्पावर सही करणार नव्हत्या.

असा कुत्रा पुसदजवळच्या एका तांड्यावर मिळाला. मालक रामधन राठोड. कुत्र्याचे नाव ठेकेदार, कारण तो दिवसभर काही करत नसे आणि जेवायला सगळ्यांच्या आधी हजर असे. अलीकडे मात्र तो झाडापाशी पाय वर करून ताटकळत उभा राही, आणि होई काय, तर लालसर थेंब. इंजेक्शन दिले की बरा, थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. रामधनने काळजीने जेवण सोडले नव्हते, पण हसणे सोडले होते.

संघदीपने फोन केला. "काका, उद्या सकाळी बायोफिल्मसाठी येतो. ठेकेदारला बांधून ठेवा."

रामधनने फोन दुसऱ्या कानाला लावला. "फिल्मसाठी?"

"हो."

"आमच्या ठेकेदारची?"

"त्याचीच!"

"रंगीत हाय का?"

थर दिसावा म्हणून त्याला जांभळा रंग देतात. रामधनला एवढे ठाऊक आहे, याचे संघदीपला कौतुक वाटले. "रंगीतच, काका. जांभळी!"

"अन् तयार व्हाले किती टाइम लागते?"

"एक दिवस."

"बाप्पा! मागचे तर वरीसभर करून राह्यले होते."

मागचे म्हणजे कोण, हे विचारायला हवे होते. संघदीपने विचारले नाही.

कापसाची ती वाईट वर्षे होती. शेतात पऱ्हाटी वाळत होती आणि तांड्यावर कॅमेरे उगवत होते. दिल्लीचे आले, मुंबईचे आले, एकदा तर गोरे आले. तांडा या कामात तयार झाला होता.

संघदीप पोचला तेव्हा सगळा तांडा जमलेला! रामधन दाढी वाढवून, फाटका सदरा घालून, हातात वाळलेली पऱ्हाटी धरून उभा. त्याची बायको जमनाबाई नवे लुगडे पेटीत ठेवून जुने नेसलेली. मधोमध ठेकेदार, साबणाने धुतलेला, कपाळाला कुंकू.

"चालत येऊ का बसून राहू?" रामधनने विचारले.

"बसा की, काका."

"आभायाकडे पाहू?" जमनाबाईने विचारले.

"पाहा," संघदीप गोंधळून म्हणाला. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. "अहो काकू, कॅमेरा नाही माझ्याजवळ!"

जमनाबाईने त्याच्या बर्फाच्या थर्माकोलच्या डब्याकडे पाहिले आणि मान डोलावली. "समजलं. याच्यात लपवला. डब्याकडे कोनी पाहू नका रे!"

सगळ्यांनी डब्याकडे पाहिले.

संघदीप बाटली घेऊन कुत्र्यामागे उकिडवा बसला. ठेकेदार पाय वर करी, गर्दी पाही, पाय खाली घेई.

"लाजून राह्यला," जमनाबाई म्हणाली. "पह्यल्यांदाच काम करून राह्यला न!"

"सगळ्यांनी पाठ फिरवा!" संघदीप ओरडला.

तांड्याने पाठ फिरवली आणि सवयीप्रमाणे उदास चेहऱ्याने क्षितिजाकडे पाहिले. त्या शांततेत ठेकेदारने पाय उचलला, आणि धार! बाटली भरली, बाहीही भिजली. थेंबवाल्या कुत्र्याला अशी धार कशी लागली, हा प्रश्न शास्त्रज्ञाला पडायला हवा होता. शास्त्रज्ञ आनंदात होता.

डबा मांडीवर घेऊन तो एसटीने यवतमाळला आला. शेजारच्या बाईने विचारले, "कुल्फी हाय का?"

"नाही."

"मंग एवढा कायले जपून राह्यला?"

आठवडाभर त्याने प्रयोगशाळेतल्या काचेच्या बश्यांमध्ये ती लघवी पसरून पाहिली. बश्या धुतल्यासारख्या स्वच्छ! एक जिवाणू उगवला नाही. शेवटी त्याने फोन लावला.

"काका, मी येण्याआधी कुत्र्याला काही औषध दिलं होतं?"

"तर! तुमचा फोन आला अन् लगेच इंजेक्शन मारून आनलं. आमी बिमार दिसलो त चालते, हिरो कसा चालन?"

संघदीपने डोळे मिटले. "काका, फिल्म आली नाही."

"मनाले लावून घेऊ नको, बाबू," रामधन मायेने म्हणाला. "आजवर एवढे येऊन गेले. कोनाचीच आली नाही." मग आवाज उतरला. "पन ठेकेदार कालपासून पुन्हा थेंब थेंब करून राह्यला."

संघदीप खुर्चीवरून उडालाच! तोंडापर्यंत आलेला आनंद त्याने कसाबसा गिळला. "उद्याच येतो, काका! तोवर इंजेक्शन देऊ नका!"

"ये. पन आता फिल्म नको करू, बाबू. औषध आन."

फिल्म पाहिल्याशिवाय औषध ठरणार नव्हते.

"बरं, काका," संघदीप म्हणाला.