डार्लाचा निर्दोष गृहपाठ

माणसाला बोलतं करावं तर आपणच, असं डार्लाचं ठाम मत होतं. बावीस वर्षं तिने शाळेची बस चालवली होती. मागे चाळीस पोरं, आणि कोण रडतंय, कुणाच्या दप्तरात बेडूक आहे, कुणाच्या घरी काल भांडण झालंय, हे सगळं तिला समोरच्या आरशातून कळायचं. पन्नाशी उलटल्यावर तिने समुपदेशक व्हायचं ठरवलं आणि तासाभराच्या अंतरावरच्या विद्यापीठात एम.ए.ला नाव घातलं. गावाला ही बातमी तिनेच घरोघर पोचवली. कॅन्ससमधलं ते गाव एवढंसं, दुपारपर्यंत काम झालं.

पहिल्या सहामाहीतच तिला कळलं, की आपण बावीस वर्षं सगळं चुकीचं करत आलो. सल्ला द्यायचा नाही. 'का' म्हणून विचारायचं नाही. स्वतःचं पुराण लावायचं नाही. समोरचा गप्प झाला तर आपणही निदान सात सेकंद गप्प बसायचं. तो बोलेल त्यामागची भावना तेवढी आपल्या शब्दांत त्याला परत द्यायची. डार्लाच्या जिभेला हा कडक उपासच होता. सात सेकंद मोजायला तिने बुटातल्या बुटात अंगठा हलवायची युक्ती काढली होती.

सप्टेंबरच्या शेवटी मोठा गृहपाठ आला. एका माणसाशी वीस मिनिटं बोला, फोनवर चित्रण करा, मग शब्द न् शब्द टाइप करून आणा. प्रश्न खरा असो नाहीतर रचलेला. इथे नापास होणाऱ्याला पुढच्या वर्षी खऱ्या माणसांसमोर बसू देणार नव्हते. "शक्यतो घरचं माणूस घेऊ नका," असं शिकवणाऱ्या डॉ. हॅलोरनबाई म्हणाल्या होत्या. पण वेंडेलला घरचं माणूस म्हणून मोजायची डार्लाची सवयच गेली होती. शिवाय हा नवरा एकोणतीस वर्षांत हवापाण्यापलीकडे फारसं बोललेला नव्हता. त्याला बोलतं केलं तर वर्गात आपलीच वाहवा, असा तिने मनाशी आडाखा बांधला.

वेंडेल धान्याच्या कोठारावरून नुकताच निवृत्त झाला होता. बोलावल्याबरोबर तो येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला, हात धुऊन.

"कशाबद्दल बोलू?"

"काहीही. एखादा प्रश्न सांग. नसला तर रच."

"गुडघा दुखतो," वेंडेल म्हणाला.

"दुखणारच! डॉक्टरकडे जा म्हणून मार्चपासून सांगतेय तुला." इतकं बोलून डार्लाने जीभ चावली आणि चित्रण पुसून टाकलं.

दुसऱ्या वेळी वेंडेलने शेजाऱ्याच्या कुत्र्याचा प्रश्न घेतला. डार्लाने छान मान डोलावली, "म्हणजे तुला त्या भुंकण्याचा वैताग आलाय," असं म्हणाली, आणि त्याच क्षणी कुत्र्याची मालकीण टोपलीभर दुधी भोपळे घेऊन मागच्या दारातून आत आली. तेही चित्रण गेलं. भोपळे तेवढे राहिले.

"वेंडेल, अरे, गुडघ्याला आणि कुत्र्याला गुण पडत नाहीत," डार्ला कावून म्हणाली. "जरा वजनदार काहीतरी आण. भावना हवी."

वेंडेलने टेबलावरचे भोपळे बाजूला सारले. मग तो बोलायला लागला, आणि डार्लाचा तिसरा प्रयत्न असा काही रंगला, की अंगठा हलवता हलवता तिच्या पायात गोळा आला.

"तू वर्गाला जातेस," वेंडेल म्हणाला. "घरी असतेस तेव्हा अभ्यास. मी जेवायला दोन ताटल्या मांडतो, मग एक उचलून ठेवतो."

"म्हणजे तुला घरात एकटं वाटतंय."

"वाटतं. लॉइड म्हणतो, इकडे अमरिलोला ये. त्याच्याकडे खोली रिकामी आहे. राहा म्हणतो, कायमचा."

"भावाकडे जावं, असं तुझ्या मनात घोळतंय."

"घोळतंय खरं." सात सेकंद गेले. "तू नको म्हणालीस तर नाही जाणार."

"म्हणजे हा निर्णय दुसऱ्या कुणीतरी घ्यावा, असं तुला वाटतंय," डार्ला म्हणाली. वाक्य इतकं पुस्तकातल्यासारखं उतरलं, की ती स्वतःवरच खूश झाली.

वीस मिनिटं झाली. तिने फोन बंद केला. वेंडेल उठला नाही.

"मग, जाऊ मी?"

"ते तुझं तुलाच ठरवायचंय," डार्ला म्हणाली. तोंडाला एकदा वळण लागलं की लगेच सुटत नाही. शिवाय तिचं लक्ष होतं चित्रण नीट आलंय की नाही याच्याकडे.

ते उत्तम आलं होतं. टाइप करताना ती नवऱ्याचं कौतुक करून थकली. काय रचलंय! काय तो ताटल्यांचा बारकावा! रविवारी चर्चमध्ये तिने दोन बायकांना सांगितलंसुद्धा, की नाताळच्या नाटकात यंदा आमच्या वेंडेलला घ्या, माणूस वाया चाललाय.

मंगळवारी तो ट्रकमध्ये हत्यारांची पेटी चढवत होता. "लॉइडकडे निघालोय," तो म्हणाला. "त्याचं छप्परही करायचंय."

"बरं. भोपळे घेऊन जा थोडे," डार्ला लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली. छप्पर म्हणजे आठवडा, फार तर दहा दिवस. जाड कोट त्याने कशाला घेतला, हा प्रश्न तिला पडला होता. पण चार पानं टाइप करायची राहिली होती.

गुरुवारी वर्गात चित्रण लागलं. डॉ. हॅलोरनबाई मध्ये मध्ये थांबवून दाखवत होत्या. बघा, सल्ला नाही. बघा, शांतता कशी झेपलीय. डार्ला फुगत चालली होती. चौदाव्या मिनिटाला बाईंनी चित्र थांबवलं.

"हे गृहस्थ कोण?"

"माझा नवरा. पण हे सगळं रचलेलं आहे हं."

शेजारी बसलेली ब्रिजेट, डार्लाच्या मुलीच्या वयाची पोरगी, हळूच म्हणाली, "डार्ला, प्रत्येक वाक्यानंतर ते तुझ्याकडे बघतायत गं. थांबतायत ते."

बाईंनी चित्र मागे नेलं. 'तू नको म्हणालीस तर नाही जाणार.' या वेळी डार्लाने त्याच्याकडे बघितलं. त्याने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती. नाटक करणारा माणूस टेबल असं धरत नाही, आणि हे डार्लाला बसच्या आरशातून एका नजरेत कळलं असतं. फोनच्या पडद्यात वेंडेल मधोमध दिसतोय ना, एवढंच तिने त्या दिवशी पाहिलं होतं.

"तंत्र म्हणून हे निर्दोष आहे. तुम्ही पास आहात," डॉ. हॅलोरनबाई म्हणाल्या. आणि मग अगदी हळू, "तुम्ही घरी जा, डार्ला."

घरी कोण होतं? ती गाडीत बसली आणि तिथूनच तिने अमरिलोला, लॉइडच्या घरी फोन लावला. वेंडेलने उचलला आणि डार्लाचा बांध फुटला. तिने माफी मागितली, रडली, स्वतःला गाढव म्हणाली, बाईंनी कसं मागे नेऊन दाखवलं ते सांगितलं, मुलगी डेन्व्हरला गेल्यापासून आपल्याच पोटात कसा खड्डा पडलाय आणि त्यात आपण पुस्तकं कशी कोंबली तेही सांगितलं. वेंडेल मध्ये बोलला नाही. त्याने सल्ला दिला नाही, 'का' विचारलं नाही.

"हं," तो मधून मधून म्हणायचा. "बोल तू. आहे मी."

चाळीस मिनिटांनी तिचं डोकं हलकं झालं. "बरं वाटलं?" त्याने विचारलं.

"खूप," डार्ला म्हणाली, आणि फोन ठेवून गावच्या रस्त्याला लागली.

वीस मैल गेल्यावर तिने गाडी गव्हाच्या शेताकडेला थांबवली. तो कसा आहे, हे तिने विचारलं नव्हतं. आणि 'नको जाऊ' हे दोन शब्द, त्याने मागितलेले तेवढेच, चाळीस मिनिटांत कुठेच आले नव्हते.

पुन्हा फोन लावला तर लॉइडने उचलला. "तो छपरावर चढलाय, वहिनी. काही निरोप?"

"सांग, मी नको म्हणालेय."

"काय नको?"

"त्याला कळेल. तू सांग ना, भाऊजी."

लॉइड बाहेर गेला. त्याचं ओरडणं तिला लांबून ऐकू आलं, मग बराच वेळ काहीच नाही. या वेळी तिचा अंगठा हलला नाही. शेवटी लॉइड परत आला.

"तो म्हणतो, कळलं. म्हणतो, आधी छप्पर होऊ दे, मग बघू."

वेंडेल 'बघू' म्हणतो तेव्हा त्याचं हो असतं की नाही, हे एकोणतीस वर्षांत डार्लाने त्याला एकदाही विचारलं नव्हतं.