हेमलताबाईंची अनुमाने आणि दुसऱ्या नायकाचे वर्तमान

ज्या शक्तीचे बळे भिंतीवरील काचेत परमुलखीची माणसे हसती रडती, त्या शक्तीस आधी नमन, मग कुलस्वामिनीस नमन, मग श्रोतयांस नमन. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, मार्गशीर्ष व पौष मासी एका राज्यात जे जाहले ते यथामति लिहितो. राज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. तीन खोल्या, एक स्वयंपाकघर, एक सज्जा, दुसरा मजला, इतकाच मुलूख. गादीवर भालचंद्रराव, सरकारी पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन वर्तमानपत्रात मग्न. कारभार सारा त्यांची पत्नी हेमलताबाई यांचे हाती, वय वर्षे अठ्ठावन्न. आणि भालचंद्ररावांची धाकटी बहीण शरयूताई, वय त्रेपन्न, टपाल कचेरीत नोकरीस, अविवाहित, याच घरी राहात. हेमलताबाई लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून नणंदभावजयांचे बरे होते, आणि एकोणतीस वर्षे दोघी एकाच सोफ्यावर बसत आल्या होत्या.

हेमलताबाईंची ख्याती म्हणाल तर ऐसी की, कोरिया, चीन, जपान, सयाम या देशींच्या मालिका त्यांणी इतक्या पाहिल्या की चौथे भागीच शेवट सांगावा आणि तो तैसाच व्हावा. मोबाइलवर एकोणीस बायकांचे एक मंडळ होते, तेथे त्यांचा शब्द प्रमाण. त्यांणी कित्येक सिद्धांत बसविले होते. जे पात्र रुमालात खोकते ते दोन भागांत जाते. जो माणूस फोनवर हसत रस्ता ओलांडतो तयास गाडी उडविते, आणि शुद्धीवर येतो तेव्हां नायिकेचे नाव विसरलेला असतो. श्रीमंताची आई चहाला बोलावते ती पाण्याचा पेला तोंडावर फेकण्यासाठीच. चिनी मालिकेत चाळीस भाग असतात आणि पस्तिसाव्यात कोणी विष घेते. जपानी नायक अखेरपर्यंत नुसते वाकून नमस्कार करितात, आणि इतके वाकूनही मनातले बोलत नाहीत. परंतु सर्वांत पक्का सिद्धांत दुसऱ्या नायकाचा. प्रत्येक मालिकेत नायिकेवर दोघे जीव लावितात. पहिला उद्धट, दुसरा सज्जन. आणि दुसरा हा हरण्यासाठीच येतो, शेवटल्या भागी विमानात बसून परदेशी जातो. हा सिद्धांत बसविल्यापासून सात मालिकांत एकदाही बाध आला नव्हता.

त्या साली जी मालिका लागली ती एका बेटावरील होती. नायिका धक्क्यावर नावेची तिकिटे विकीत असे. पहिला नायक मोठ्या कंपनीचा वारस, कपाळास सदा आठी. दुसरा नायक बेटावरचा गुरांचा डॉक्टर, शांत, मितभाषी. सोळा भाग, रविवारी दुपारी तीन वाजता दोन दोन भाग एकदम पाहावयाचे ऐसा नेम ठरला. परंतु खाली येणारी भाषांतराची अक्षरे हेमलताबाईंस पुसट दिसो लागली, आणि त्या तळमजल्यावरील चष्म्याचे दुकानी गेल्या. दुकानदार पद्माकरपंत पोंक्षे, वय सत्तावन्न, बायको जाऊन आठ वर्षे जाहलेली, दुकानामागील खोल्यांतच राहात, स्वभावे सौम्य. त्यांणी विचारिले की इतक्या अंतरावरून आपण काय वाचता. आणि हेमलताबाईंनी मालिकेची कथा अर्धा तास सांगितली. आणि पंतांनी ती सारी ऐकून घेतली. आणि ऐसा श्रोता फुकट जाऊ नये म्हणोन बाईंनी त्यांस रविवारचे आमंत्रण दिले. मग पद्माकरपंत दर रविवारी येऊ लागले. दाराशी वेताची खुर्ची होती तेथे बसत, येताना संत्री आणीत, आणि आल्या आल्या खिशातील मऊ फडका काढून शरयूताईंचा चष्मा पुसून देत. हेमलताबाईंचा चष्मा नवाच होता, तो पुसावा लागत नसे, ऐसे बाईंनी मनाशी समजून घेतले.

सहाव्या भागी ऐसे जाहले की, पडद्यावर दुसऱ्या नायकाने माशाचे काटे काढून मासा नायिकेच्या भातावर ठेविला. तेव्हां हेमलताबाईंनी यंत्र थांबविले आणि विवेचन केले, की पाहा, या देशी प्रेम तोंडाने सांगत नाहीत, काटे काढून देणे हीच त्यांची कबुली. मंडळातल्या बायकांस हे दिसत नाही, त्यास नजर असावी लागते. आणि विवेचन चालू असता त्यांच्या डाव्या कोपराशीच पद्माकरपंत संत्र्याच्या फोडींतील बिया काढून फोडी शरयूताईंच्या बशीत ठेवीत होते, आणि शरयूताई त्या मुकाट्याने खात होत्या, आणि भालचंद्ररावांनी वर्तमानपत्राचे वरून एकदा पाहिले आणि पुन्हा वर्तमानपत्र वर धरिले. शरयूताई इतकेच बोलल्या की, हे दोघे एवढे झुरतात, पण त्या मुलीला कुणी काही विचारत नाही. हेमलताबाई म्हणाल्या की विचारले तर सोळा भाग कशाचे करतील.

मग दहावा भाग आला. दुसऱ्या नायकाच्या खिशात पत्र होते आणि देण्याचा धीर होत नव्हता. हेमलताबाईंस राहावले नाही. त्या पडद्याकडे हात करून बोलल्या, "हा हरणार, लिहून ठेवा. दहा भाग ज्याने नुसती सेवा केली तो तिची सवय होऊन बसतो. सवयीवर कुणी प्रेम करतं का? शहाणा असेल तर आपण होऊन निघून जाईल. त्यातच त्याची शोभा." पद्माकरपंतांनी फडक्याची घडी घातली, ती घडी पुन्हा मोडली, पुन्हा घातली, आणि भाग संपण्याआधी दुकानात काम आहे ऐसे सांगोन उठले. पुढले रविवारी आले नाहीत. त्याचे पुढलेही नाहीत. शरयूताईंनीही डोळे दुखतात म्हणोन सोफा सोडिला आणि आतल्या खोलीत बसो लागल्या. मग वर्तमान आले की पंत दुकान पुतण्याचे हवाली करून कऱ्हाडास बहिणीकडे कायमचे राहावयास जाणार, येत्या रविवारी निघणार. हेमलताबाईंस फार वाईट वाटले, की ऐसा ऐकणारा माणूस पुन्हा मिळणे कठीण. आणि नणंदेचे डोळ्यांची त्यांणी मोठ्या विचारे चिकित्सा केली, आणि त्याच रविवारी जेवणे जाहल्यावर खोलीत जाऊन बोलल्या, "वन्सं, तुमचा नंबर वाढलाय. पोंक्षे जायच्या आत डोळे तपासून घ्या. पुतण्याला काय कळतंय?"

शरयूताई साडीची घडी घालीत होत्या. घडी तैशीच ठेवून त्या बोलल्या, "वहिनी, कुठल्या कुठल्या देशातल्या माणसाच्या मनातलं तुम्हाला चौथ्या भागात कळतं. इथे दाराशी खुर्चीत बसलेल्या माणसाचं कळलं नाही."

हेमलताबाई उभ्या होत्या त्या पलंगावर बसल्या. मग फडका आठवला, आणि संत्री आठवली, आणि आपले बोलणे शब्दन् शब्द आठवले. त्यांणी विचारिले, "आणि तुमच्या मनात?"

"मला कुणी विचारलंच नाही. त्यांनी नाही, दादांनी नाही, तुम्ही नाही. माझं काय ते ठरलेलंच, असं घरात सगळ्यांनी धरलं. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं."

हे ऐकोन बाईंस जे वाटले ते मालिकेतील कोणत्याही भागाने वाटले नव्हते. शरयूताई चाळिशीच्या जाहल्या त्या साली शेवटले स्थळ आले होते, आणि आता या वयात कशाला, ऐसे प्रथम बोलणाऱ्या त्याच होत्या. ते बोलणे त्यांस स्मरले, आणि एवढ्या वर्षांत आपणांस सोफ्यावर सोबत होती ती कोणाच्या जिवावर होती तेही समजले. मग त्या उठल्या, कपाटातून नणंदेची निळी साडी काढिली, हाती दिली आणि बोलल्या, "तुम्ही जाऊन सांगा. ते विचारणार नाहीत, त्यांना मी भलतंच शिकवून ठेवलंय." शरयूताई म्हणाल्या की लोक काय म्हणतील. बाई म्हणाल्या की लोक तीन वाजता मालिका पाहात असतील. मग सोबत येते म्हणोन चपला घालू लागल्या, तेव्हां नणंदेने त्यांस अडविले, की हे काम एकटीचे आहे, आणि आज तुमचा शेवटला भाग आहे, तो सोडू नका. आणि शरयूताई जिना उतरून गेल्या.

इकडे तीन वाजले. हेमलताबाई सोफ्यावर एकट्याच बसल्या, आणि शेजारची जागा ऐसी मोठी दिसो लागली की तिथे उशी ठेविली. एक मन म्हणे की वन्सं गेल्या तर आपण कोणास सिद्धांत सांगावे. दुसरे मन म्हणे की परमेश्वरा, ते निघून गेलेले नसोत. आणि पडद्यावर मालिका चालिली, आणि सर्व त्यांणी सांगितल्याप्रमाणेच जाहले. वारसाच्या कपाळाची आठी गेली, नायिका त्याच्याकडे धावली, आणि डॉक्टर एक लहान पेटी घेऊन विमानतळी गेला आणि एकदा मागे पाहून हसला. सिद्धांतास आठव्या मालिकेनेही बाध आला नाही. मोबाइलवर एकोणीस बायकांचे मुजरे येऊ लागले, की हेमाताई, धन्य आहे तुमची. आणि जन्मात प्रथम हेमलताबाई दुसऱ्या नायकासाठी रडल्या, आणि पदराने डोळे पुसले. भालचंद्ररावांनी वर्तमानपत्र खाली ठेवून त्यांस पाणी आणून दिले, हीही त्या घरात नवीच गोष्ट.

साडेपाचाचे सुमारास जिन्यावर दोघांची पाउले वाजली. पुढे शरयूताई, मागे पद्माकरपंत, आणि पंतांचे हाती प्रवासाची पेटी, ती त्यांणी दाराआत ठेविली. दुकानी काय बोलणे जाहले ते मागाहून कळले ते इतकेच, की शरयूताईंनी काउंटरपाशी उभे राहोन सांगितले की मला सर्व स्वच्छ दिसते आणि आपण जाऊ नये. आणि पंतांच्या हातातील चष्म्याचा बारीक स्क्रू खाली पडला. आणि दोघेही तो शोधण्यास खाली बसले, आणि तेथेच बाकीचे बोलणे जाहले. स्क्रू सापडला नाही. हेमलताबाईंनी दोघांस बसा म्हटले, साखर हाती ठेविली. पंत वेताच्या खुर्चीकडे वळले तो बाईंनी सोफ्यावरील उशी उचलून जागा केली. पंतांनी घसा साफ करून हळूच विचारिले, "वहिनी, शेवट काय झाला हो? कोण जिंकलं?"

आयुष्यातील सर्वांत मोठा विजय बाईंच्या जिभेवर होता. मोबाइल हाताशी थरथरत होता, तयास त्यांणी पालथा घातला. भालचंद्ररावांनी तोंड उघडिले, बाईंनी तयांकडे एक कटाक्ष टाकिला, आणि ते मिटले.

"वीज गेली होती," हेमलताबाई बोलल्या. "पाहायचा राहिला."

एवंच, फाल्गुन मासी चार माणसांचे देखत नोंदणीने विवाह जाहला, शरयूताई तळमजल्यावर राहावयास गेल्या, आणि रविवारचा दरबार पूर्ववत भरू लागला. हेमलताबाई अद्याप चौथे भागी शेवट सांगतात आणि तो तैसाच होतो. परंतु त्या बेटाच्या मालिकेचा शेवटला भाग त्या राज्यात पुन्हा कोणी लाविला नाही, आणि तेथील समजुतीप्रमाणे तो गुरांचा डॉक्टर अजून धक्क्यावरच उभा आहे. हे वर्तमान ऐकिले तैसे लिहिले. अधिकउणे असेल ते श्रोत्यांनी गोड करून घ्यावे.